नववी-दहावीच्या जीवशास्त्राचे गुणदान : निकष कसे ठरवावेत आणि कसे वापरावेत

महाराष्ट्र राज्य मंडळाच्या अभ्यासक्रमात दहावीपर्यंत जीवशास्त्र हा वेगळा विषय नाही. नववीत तो विज्ञान आणि तंत्रज्ञानाच्या पुस्तकात इतर पाठांसोबत येतो, तर दहावीत बहुतेक सगळा पुस्तकाच्या दोन भागांपैकी दुसऱ्या भागात येतो: आनुवंशिकता व उत्क्रांती, सजीवांतील जीवनप्रक्रिया, प्राण्यांचे वर्गीकरण, सूक्ष्मजीवशास्त्राची ओळख, पेशीविज्ञान व जैवतंत्रज्ञान. पहिल्या भागातले गणिती उदाहरण तपासायला फारसा वेळ लागत नाही, कारण सूत्र, किंमती, उत्तर आणि एकक पाहिले की गुण ठरतात. दुसऱ्या भागात मात्र उत्तर वाक्यांत आणि आकृत्यांत असते. त्यामुळे एकाच उत्तराला एका शिक्षकाकडे तीन गुण मिळतात आणि दुसऱ्याकडे दीड. आपला दीड गुण नेमका कुठे गेला, हे त्या मुलाला कोणी सांगत नाही.

बोर्डाच्या परीक्षेत मंडळाच्या सूचनांप्रमाणेच तपासावे लागते, त्यात आपली मर्जी चालत नाही. घटक चाचणी, सत्र परीक्षा, सराव परीक्षा, प्रात्यक्षिक आणि स्वाध्याय मात्र पूर्णपणे आपल्या हातात असतात, आणि मूल घडते ते तिथेच. हा लेख त्या तपासणीविषयी आहे. निकष उत्तरपत्रिका हातात घेण्याआधी लिहिलेले असले पाहिजेत, आणि त्यांनी मुलाची जीवशास्त्राची समज मोजली पाहिजे. अक्षर, टापटीप आणि पाठांतर ही त्या मोजमापाची एककं नव्हेत. पुढे जे काही सांगतो आहे ते सगळे या एका गोष्टीसाठी आहे.

आधी चौकट

दहावीला विज्ञानाचे एकूण 100 गुण असतात. भाग 1 चा लेखी पेपर 40 गुणांचा, भाग 2 चा 40 गुणांचा आणि प्रात्यक्षिकाचे 20 गुण. प्रत्येक पेपर दोन तासांचा. भाग 2 मध्ये पहिला प्रश्न बहुपर्यायी व एका गुणाच्या उपप्रश्नांचा, म्हणजे 5 अधिक 5 गुणांचा असतो. दुसऱ्यात शास्त्रीय कारणांना 4 आणि दोन गुणांच्या उत्तरांना 6 गुण असतात. तिसऱ्यात तीन गुणांची पाच उत्तरे, म्हणजे 15 गुण. चौथा प्रश्न 5 गुणांचा. 40 पैकी 30 गुण दोन किंवा अधिक गुणांच्या लेखी उत्तरांवर आहेत, म्हणजे तपासणाऱ्याच्या निर्णयावर अवलंबून आहेत.

निकालपत्रावर 75 टक्के व त्यापुढे विशेष प्रावीण्यासह प्रथम श्रेणी, 60 पासून प्रथम, 45 पासून द्वितीय आणि 35 पासून उत्तीर्ण श्रेणी असते. प्रवेशासाठी या श्रेण्या पुरेशा आहेत, शिकवण्यासाठी नाहीत. 60 टक्के मिळवलेल्या दोन मुलींपैकी एकीला आकृत्या येतात पण कारणे देता येत नाहीत, तर दुसरीचे उलटे असते. श्रेणी दोघींची एकच. आठवीपर्यंत आकारिक (वर्षभर चालणाऱ्या) मूल्यमापनातल्या वर्णनात्मक नोंदींमधून हा फरक निदान कागदावर तरी यायचा. नववीत गेल्यावर आपण एकदम नुसत्या आकड्यांवर येतो आणि नोंदींची ती सवय सुटते. ती सोडू नये, असे मला मनापासून वाटते.

पायरी 1 : घटकातून मुलाला काय करता यायला हवे ते लिहा

संविधान तक्ता, म्हणजे प्रश्नपत्रिकेचा आराखडा, आपण सगळेच करतो. ज्ञान, आकलन, उपयोजन, कौशल्य असे रकाने भरतो आणि भारांश (कशाला किती गुण) जुळवतो. त्या तक्त्याशेजारी आणखी एक कागद ठेवा. प्रत्येक घटकासाठी त्यावर दोन-तीन वाक्ये लिहा, आणि प्रत्येक वाक्यात मुलाने करायची कृती असू द्या. 'विद्यार्थ्याला वर्गीकरण समजते' या वाक्यावरून काहीच मोजता येत नाही. त्याऐवजी असे लिहा: 'प्राण्याची लक्षणे दिली तर विद्यार्थी त्याचा वर्ग ठरवतो, आणि कोणत्या लक्षणावरून ठरवला ते सांगतो.' मग वटवाघूळ उडते तरी पक्षी का नाही, देवमासा पाण्यात राहतो तरी मत्स्य का नाही, हे प्रश्न आपोआप सुचतात. त्यांची तपासणीही सोपी होते, कारण आपण काय शोधतो आहोत हे आपल्याला माहीत असते.

पायरी 2 : चार बाजू वेगळ्या करा

जीवशास्त्राच्या उत्तरात चार गोष्टी वेगवेगळ्या पाहाव्या लागतात: माहिती, कार्यकारणभाव, आकृती आणि प्रत्यक्ष काम. माहिती म्हणजे नावे, व्याख्या, भाग, टप्पे. कार्यकारणभाव म्हणजे 'हे असे का होते' याचे उत्तर. आकृतीत आपण रचनेची समज पाहतो. प्रत्यक्ष कामात निरीक्षण, नोंद आणि हाताळणी येते.

या चारांत मी कार्यकारणभावाला सर्वांत जास्त वजन देतो, आणि तुम्हीही द्यावे अशी विनंती आहे. नावे विसरली तर पुस्तकात पुन्हा सापडतात, पण कारण जोडण्याची सवय लागली नाही तर पुढे अकरावीत मूल अडखळते. घटक चाचणी 20 गुणांची असेल तर निदान 7-8 गुण 'का' आणि 'कसे' या प्रश्नांवर ठेवा. सगळे गुण व्याख्यांवर गेले तर पाठांतर चांगले असणारे मूल पुढे जाते आणि विचार करणारे मागे पडते.

पायरी 3 : गुणमुद्दे लिहा, आणि पुस्तकाबाहेरच्या खऱ्या उत्तराला जागा ठेवा

या पायरीला वेळ द्या. एक प्रश्न घेऊन ती सविस्तर पाहू: 'कासव जमिनीवर आणि पाण्यातही राहते, तरी त्याचा समावेश उभयचर वर्गात का करता येत नाही?' गुण 3.

बरेचदा आदर्श उत्तर म्हणून पुस्तकातला परिच्छेद उतरवला जातो आणि त्याच्याशी जुळणाऱ्या ओळी मोजून गुण दिले जातात. त्याऐवजी उत्तराचा सांगाडा लिहा, म्हणजे कोणत्या मुद्द्याला किती गुण ते. हेच गुणमुद्दे. या उत्तराला तीन गोष्टी हव्यात. पहिली, उभयचर ठरवणारे लक्षण: ओलसर, खवले नसलेली त्वचा आणि तिच्यामार्फत होणारे श्वसन, किंवा पाण्यात वाढणारी, कल्ल्यांनी श्वसन करणारी डिंभ अवस्था (पिल्लाचे सुरुवातीचे वेगळे रूप). दुसरी, त्याच बाबतीत कासव कसे वेगळे आहे: त्वचा कोरडी व खवलेयुक्त, पाण्यात असतानाही श्वसन फुफ्फुसांनी, अंडी जमिनीवर, बोटांना नखे. तिसरी, निष्कर्ष: वर्ग राहण्याच्या जागेवरून ठरत नाही, शरीराच्या लक्षणांवरून ठरतो, म्हणून कासव सरीसृप आहे. प्रत्येकीला एक गुण.

आता अशा प्रश्नाला वर्गात हमखास येणारी उत्तरे पाहा.

'कासव हे सरपटणारे प्राणी आहे. ते पाण्यात व जमिनीवर राहते पण ते उभयचर नाही. त्याला कवच असते. म्हणून त्याचा समावेश सरीसृप वर्गात होतो.' चार वाक्ये आहेत आणि अक्षर सुंदर असले तर हात दोन गुणांकडे जातो. पण सांगाड्याशी ताडून पाहा. उभयचराचे लक्षण आलेले नाही. कवच खरे आहे, पण उभयचरांशी तुलना केलेली नाही. बाकी प्रश्नच उत्तर म्हणून परत लिहिला आहे. 'सरीसृप' हे नाव बरोबर आहे आणि एक शारीरिक लक्षणही आले आहे, म्हणून एक गुण. त्याहून जास्त देता येत नाही.

दुसरे उत्तर: 'बेडूक कातडीने पण श्वास घेतो म्हनून त्याची कातडी ओली असते. कासवाची कोरडी असते. आमच्याकडे कासव वाळूत खड्डा करून अंडी घालते, बेडकासारखी पाण्यात नाही घालत.' शुद्धलेखन कच्चे आहे, 'सरीसृप' हा शब्द नाही, निष्कर्षाचे वाक्य नाही. पण दोन्ही बाजूंची लक्षणे आहेत, समोरासमोर मांडलेली आहेत आणि त्यातले एक मुलाने स्वतः पाहिलेले आहे. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळाससारख्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालायला येतात. त्या भागातल्या मुलाला हे पुस्तकाआधी माहीत असते. या उत्तराला दोन गुण बिनदिक्कत द्यावेत, आणि निष्कर्ष लिहिला असता तर तीन झाले असते हे समासात लिहावे.

म्हणून गुणमुद्द्यांच्या खाली नेहमी एक ओळ लिहून ठेवा: 'पुस्तकात नसलेले पण जीवशास्त्रीयदृष्ट्या बरोबर असलेले लक्षण ग्राह्य.' ही ओळ आधी लिहिलेली नसेल तर पन्नासाव्या पेपरपर्यंत आपण थकलेले असतो आणि असे उत्तर चूक ठरवून पुढे जातो.

परस्परविरोधी विधानांचाही निर्णय आधीच करावा. 'कासव फुफ्फुसांनी श्वसन करते' असे लिहून पुढे 'पाण्यात असताना कल्ल्यांनी करते' असे लिहिले, तर त्या मुद्द्याचा गुण देऊ नये. दोन्ही लिहून एक बरोबर निघण्याची वाट पाहणे म्हणजे समज नव्हे. मात्र अवांतर पण निरुपद्रवी माहिती लिहिली असेल तर गुण कापू नयेत.

'फरक स्पष्ट करा' या प्रश्नात एकच नियम पाळला तरी बरेच साधते: दोन्ही बाजूंचे मुद्दे एकाच आधारावर असले तरच गुण. पेशी विभागण्याचे दोन प्रकार घ्या: सूत्री विभाजनाखाली 'दोन पेशी तयार होतात' आणि अर्धगुणसूत्री विभाजनाखाली 'गुणसूत्रांची संख्या निम्मी होते' असे लिहिले तर दोन्ही विधाने खरी आहेत, पण त्यांतून फरक दिसत नाही. दोन पेशींसमोर चार पेशी हव्यात, आणि निम्म्या संख्येसमोर 'संख्या तेवढीच राहते' हे हवे. पहिल्या चाचणीआधी मुलांना हा नियम सांगा. नंतर सांगितला तर तो त्यांना शिक्षेसारखा वाटतो.

पायरी 4 : आकृतीचे निकष

आकृतीत चित्रकला मोजायची नसते, हे आपण म्हणतो. तरी रेखीव आकृतीला जास्त गुण जातात. यावर उपाय म्हणजे प्रत्येक आकृतीसाठी 'जीवशास्त्र सांगणाऱ्या खुणा' ठरवणे.

सूत्री विभाजनातली मध्यावस्था घ्या, 3 गुणांसाठी. खुणा अशा: गुणसूत्रे पेशीच्या मध्यावर, विषुववृत्तीय प्रतलात रांगेत आहेत. प्रत्येक गुणसूत्र दोन अर्धगुणसूत्रांचे दिसते. तर्कुतंतू (गुणसूत्रांना ओढणारे धागे) गुणसूत्रबिंदूपर्यंत, म्हणजे दोन अर्धगुणसूत्रे जिथे जोडलेली असतात तिथपर्यंत, पोहोचलेले आहेत. केंद्रकावरण नाही. या रचनेला दोन गुण आणि नावांना एक.

एका मुलीने शेडिंग करून, पट्टी धरून सुरेख आकृती काढली, पण रांगेतल्या गुणसूत्रांभोवती केंद्रकावरणाचे वर्तुळ तसेच ठेवले आणि तर्कुतंतू त्या वर्तुळाला टेकवून थांबवले. या अवस्थेपर्यंत केंद्रकावरण नाहीसे झालेले असते, हे तिला समजलेले नाही. रचनेचा एक गुण गेला. दुसऱ्याची पेशी वेडीवाकडी आहे, रेषा थरथरलेल्या आहेत, पण तंतू थेट गुणसूत्रबिंदूंना जोडलेले आहेत आणि गुणसूत्रे दुपदरी आहेत. त्याला पूर्ण गुण. सुरुवातीला असे गुण देताना मन खळखळते, पण आकृती मागितली होती ती नेमके हेच पाहण्यासाठी.

नामनिर्देशनाच्या रेषा भागाला टेकलेल्या असाव्यात आणि एकमेकींना छेदू नयेत. रेषा भागाच्या आसपास हवेत थांबली असेल तर कोणता भाग दाखवला हे कळत नाही, म्हणून तो गुण जातो. पेन्सिलऐवजी पेन वापरले म्हणून शालेय चाचणीत गुण कापू नयेत, सूचना द्यावी.

पायरी 5 : संकराचे प्रश्न

नववीच्या आनुवंशिकतेत शुद्ध उंच आणि शुद्ध बुटक्या वाटाण्याचा संकर येतो. अनेक टप्प्यांचे असे उत्तर तपासताना एक चूक एकदाच कापायची. टप्पे वेगळे करा: जनक, युग्मके (जनकांच्या प्रजनन पेशी), पहिली पिढी, दुसऱ्या पिढीचा तक्ता, गुणोत्तर. मुलाने युग्मके चुकवली, पण त्या चुकीच्या युग्मकांवरून पुढचा तक्ता नीट भरला, तर युग्मकांचा गुण कापा आणि तक्त्याचा द्या. गुणोत्तर मात्र त्याच्याच तक्त्याशी जुळले पाहिजे. वर तक्त्यात काहीतरी भलतेच आहे आणि खाली 3:1 लिहिले आहे, तर ते पाठ केलेले 3:1 आहे, त्याला गुण नाही. दिसणाऱ्या लक्षणाचे 3:1 आणि जनुकांच्या जोड्यांचे 1:2:1 यांत गल्लत होते, म्हणून कोणते गुणोत्तर हवे ते प्रश्नातच स्पष्ट लिहा.

पायरी 6 : प्रात्यक्षिक

प्रात्यक्षिकाच्या गुणांची अवस्था सगळ्यांना माहीत आहे. वही पूर्ण असली की गुण मिळतात, आणि ती वही बहुतेकदा दुसऱ्या वहीवरून पूर्ण झालेली असते. इथे पडताळा सूची कामाला येते. दह्यातील लॅक्टोबॅसिलाय पाहण्याचा प्रयोग असेल तर सूचीत एवढेच पुरे: काचपट्टीवर लेप पातळ केला का, रंजकद्रव्य घातले का, आच्छादक काच तिरपी धरून हळू सोडली का, सूक्ष्मदर्शकात आधी कमी वर्धनावर जागा शोधली का, आणि दिसले तेच काढले का.

सर्वांत मोलाचा निकष शेवटचा आहे. आच्छादक काच पटकन टाकली की हवेचे बुडबुडे अडकतात. ते अगदी गोल, जाड काळ्या कडेचे दिसतात, आणि मुले त्यांनाच पेशी समजून काढतात. एखाद्या मुलाने बुडबुडे काढून खाली लिहिले की 'हे बुडबुडे असावेत, जीवाणू दिसले नाहीत, लेप जाड झाला', तर त्याला निरीक्षणाचे पूर्ण गुण द्या. पुस्तकातली दंडगोलाकार जीवाणूंची साखळी हुबेहूब उतरवणाऱ्यापेक्षा त्याने अधिक विज्ञान केले आहे. सगळ्या वर्गाचे निरीक्षण शब्दशः सारखे आले, तर त्या रकान्याचे गुण तोंडी प्रश्नावर द्यावेत: 'तुझ्या पट्टीवर काय दिसलं? आधी कुठलं भिंग लावलंस?' ज्याने प्रयोग केला आहे तो लगेच सांगतो.

पायरी 7 : भाषा

ऱ्हस्व-दीर्घासाठी विज्ञानात गुण कापू नयेत. घरात अहिराणी, वऱ्हाडी, मालवणी किंवा भिल्ली बोलणारी मुले प्रमाण मराठीत उत्तर लिहितात तेव्हा त्यांची दुहेरी मेहनत असते. सूत्री विभाजनाऐवजी मायटोसिस लिहिले तरी चालावे. सेमीच्या वर्गात (जिथे विज्ञान इंग्रजीतून शिकवतात) तर दोन्ही शब्द कानावर असतात.

पण काही शब्दांत थोड्याशा फरकाने अर्थच बदलतो. केंद्रक आणि केंद्रकी, शुक्राणू आणि शुक्राशय, अंडाशय आणि गर्भाशय. 'फलन गर्भाशयात होते' या वाक्यात जीवशास्त्राची चूक आहे, कारण फलन अंडनलिकेत होते. अशा शब्दांची यादी चाचणीआधी फळ्यावर लिहा आणि इथे गुण जातील असे सांगून ठेवा.

पायरी 8 : निकष आधी तपासा, मग पेपर

गठ्ठा उघडला की लगेच लाल पेन घेऊ नका. पाच-सहा उत्तरपत्रिका काढा, काही हुशार मुलांच्या, काही मधल्या, काही कच्च्या मुलांच्या. पेन्सिलने गुण द्या. अपेक्षित नसलेली बरोबर उत्तरे इथेच सापडतात, त्यांप्रमाणे गुणमुद्दे दुरुस्त करा. शक्य असेल तर त्याच उत्तरपत्रिका विज्ञानाच्या दुसऱ्या शिक्षकांना द्या, आपले गुण न दाखवता. तीन गुणांच्या प्रश्नात एका गुणाचा फरक आला, तर निकषाचे वाक्य धूसर आहे. ते वाक्य बदला. कोण कडक आणि कोण सढळ, या वादात पडू नका.

मग प्रश्नवार तपासा: सगळ्यांचा प्रश्न 3, मग सगळ्यांचा प्रश्न 4. पानं जास्त उलटावी लागतात, पण पहिल्या उत्तरावरून झालेले मत पुढच्या उत्तरांवर पडत नाही. नाव न पाहता तपासता आले तर उत्तमच. लहान शाळेत अक्षरावरून मूल ओळखू येते हे खरे आहे, तरी पहिले पान दुमडून ठेवल्याने फरक पडतो.

पायरी 9 : गुणांसोबत स्तर लिहा

शेवटी प्रत्येक मुलासाठी पायरी 2 मधल्या चार बाजूंचा स्तर नोंदवा. चार स्तर पुरतात. कार्यकारणभावासाठी मी असे शब्द वापरतो:

- प्रगत : न शिकवलेल्या उदाहरणालाही कारण लावतो, मधली कडी गाळत नाही.
- अपेक्षित : शिकवलेल्या उदाहरणाचे कारण स्वतःच्या शब्दांत पूर्ण सांगतो.
- विकसनशील : कारण आणि परिणाम दोन्ही माहीत आहेत, पण जोड सांगता येत नाही.
- प्रारंभिक : प्रश्नच उत्तर म्हणून लिहितो किंवा फक्त नावे देतो.

माहिती, आकृती आणि प्रत्यक्ष कामासाठीही अशीच वाक्ये तुमच्या वर्गाकडे पाहून लिहा. दुसऱ्याची तयार वाक्ये उचलली तर ती कपाटातच राहतात. चारही स्तरांची सरासरी काढू नका. आकृतीत 'प्रगत' आणि कारणात 'प्रारंभिक' असलेल्या मुलीला 'मध्यम' म्हटले तर तिला कुठे मदत हवी ते पुसले जाते.

पेपर परत देताना गुणमुद्दे फळ्यावर लावा आणि मुलांना आपल्याच एका उत्तराला गुण द्यायला सांगा. बहुतेक मुले स्वतःशी आपल्यापेक्षा कडक वागतात. ज्याला आपला गुण कमी वाटतो, त्याने कोणत्या मुद्द्याचा गुण मिळायला हवा होता ते लिहून आणावे. मुद्दा बरोबर असेल तर गुण वाढवा, आणि त्याच प्रकारचे उत्तर लिहिलेल्या इतर मुलांचेही पेपर पुन्हा काढा.

एखाद्या प्रश्नात जवळजवळ सगळ्या वर्गाचा एकच गुण गेला असेल, तर उपचारात्मक तासाआधी (चुका सुधारण्यासाठी घेतलेल्या जादा तासाआधी) प्रश्नाची भाषा आणि तो पाठ शिकवतानाची आपली टिपणे पाहा. मधली कडी बरेचदा शिकवतानाच राहून गेलेली असते. तसे असेल तर तो प्रश्न त्या चाचणीच्या बेरजेतून काढा, पाठ पुन्हा घ्या आणि पुढच्या चाचणीत त्याच संकल्पनेवर नवे उदाहरण द्या.